अंबाबाईचं पाकीट

आमच्या घरात पाकिटं विकत आणायची पद्धत नाही. गंमत अशी, की माझ्या नवऱ्याची सांगलीत छोटी प्रेस आहे आणि लग्नपत्रिकांबरोबर पाकिटं फुकट देण्यावर तिचा निम्मा धंदा चालतो. तिकडे दुकानात पाकिटांचे गठ्ठे माळ्याला टेकलेले असतात आणि इकडे घरी माझी आई जेवणाच्या टेबलावर विजेच्या बिलाचं पाकीट करत बसलेली असते. जावयाच्या दुकानातलं पाकीट ती हातात घेते, उलटंसुलटं करते, डिंकाची कड नखानं खरवडून बघते आणि "बरं हाय" म्हणून परत ठेवते. आईचं "बरं हाय" म्हणजे काय, हे तिच्या हाताखाली वाढलेल्या माणसालाच कळतं. जावयाला अजून ते कौतुक वाटतं आणि मीही त्याला काही सांगायला गेलेले नाही.

तिचा साचाही घरचाच. गुडघा दुखायला लागला तेव्हा काढलेला एक्स-रे तिनं टाकला नाही. डॉक्टर म्हणाले झीज झालीय, आई म्हणाली फिल्म चांगली आहे. एका जुन्या पाकिटाचे सांधे वाफेवर सोडवून तिनं ते सपाट केलं, त्याचा आकार त्या फिल्मवर उतरवला आणि कापून घेतला. तेव्हापासून आमच्या घरातून जाणारं प्रत्येक पाकीट आईच्या गुडघ्यावर बेतलेलं असतं. साचा कागदावर ठेवायचा, पेन्सिल फिरवायची, कापायचं, दोन्ही बाजूंचे कान आत दुमडायचे, खालची बाजू वर आणून चिकटवायची आणि चमच्याच्या पाठीनं घडी दाबायची. खळ कणकेची. मंद आचेवर ढवळत शिजवलेली, आणि झुरळांनी खाऊ नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद. ही खळ माझ्या चहाच्या पातेल्यात शिजायची. मोरचूद म्हणजे विष असतं, हे मी तिला बजावून सांगितलं, तेव्हा तिनं खळीसाठी वेगळं पातेलं केलं. म्हणजे माझं पातेलं खळीला ठेवून घेतलं आणि चहासाठी मला नवीन आणायला लावलं.

या पाकिटांत पत्र असतंच असं नाही. संक्रांतीला चार दाणे हलवा, दोडक्याचं बी, कुणाच्या तरी नातवासाठी अंगारा, असं काहीबाही त्यांतून गावोगाव जातं. कागदाचं तिला वावडं नाही. बिलं, पावत्या, शाळेच्या सूचना, निवडणुकीची पत्रकं, जे घरात येतं ते पाकीट होऊनच बाहेर पडतं. उमेदवारांचे हसरे चेहरे ती आतल्या बाजूला घेते.

फक्त एका कागदाला तिची कात्री लागत नाही. सांगलीत गुळाचा म्हणू नका, हळदीचा म्हणू नका, जो तो व्यापारी कॅलेंडर वाटतो आणि त्यावर कुणी ना कुणी देव असतोच. वर हातभर देव, खाली चतकोर तारखा. वर्ष संपलं की तारखा शिळ्या होतात, देव होत नाही. मग आई तारखांची पाकिटं करते आणि देव कपाटावर ठेवते. पूर्वी ते कृष्णेत सोडायचे. आता घाटावर निर्माल्याला कुंड ठेवलंय आणि त्या कुंडात देव टाकायला आईचा हात होत नाही. त्यामुळे तेहतीस कोटींपैकी बरेचसे आमच्या कपाटावर राहायला आहेत आणि पंखा मोठा केला की फडफडतात.

हे सगळं मी हसण्यावारी नेत होते. पण मधे माझ्या मावशीचं प्रकरण झालं.

मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. ती कोरेगावजवळच्या खेड्यात राहते. मावशीचे यजमान फौजेत होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा ऊस आणि घेवडा बघतो, मावशी मुलाला बघते. दोघी बहिणींच्या पाठचं कुणी आता उरलेलं नाही. आईला "गप बस, तुला काय कळतंय" असं म्हणू शकणारी जगात ही एकच व्यक्ती शिल्लक आहे. म्हातारपणी माणसाला अशा व्यक्तीची फार गरज असते, हे मी आईकडे बघून शिकले. रोज संध्याकाळी दोघींचा फोन असायचा. बोलायचं काही नसायचं. मावशी ओरडायची, आई ऐकायची आणि फोन ठेवला की दोघी खूश.

आम्ही सांगलीतलं हे घर बांधलं तेव्हा वास्तुशांतीचं आमंत्रण मी मोबाईलवर पाठवलं. सगळ्यांनाच पाठवलं, मावशीला तिच्या मुलाच्या फोनवर. मला त्यात अजूनही काही चूक वाटत नाही. छान आमंत्रण होतं, गणपती सोंड हलवायचा आणि सनई वाजायची. मावशीनं म्हणे चष्मा लावून ते दोनदा बघितलं. वास्तुशांतीच्या दिवशी ती आली नाही, तिच्या मुलाच्या फोनवरून हात जोडल्याचं चित्र आलं. "मोबाईलवर बलिवलं, मोबाईलवर आले," असा निरोप मागाहून तिसऱ्याच नातेवाइकाच्या तोंडून मिळाला. त्या दिवसापासून संध्याकाळचा फोन बंद झाला. आमच्याकडे मान कमी पडला तर भांडण होतं आणि जास्त झाला तर संशय येतो, त्यामुळे नेमका किती द्यावा हे अजून कुणाला जमलेलं नाही. आईनं मला एका शब्दानं दोष दिला नाही. संध्याकाळी फोनच्या वेळेला ती नुसती पाकिटं करत बसायची आणि त्या काळात आमच्याकडे इतकी पाकिटं झाली की त्यात घालायला पत्रं पुरेनात.

मग माझ्या मुलीचं लग्न ठरलं. पत्रिका घरच्याच प्रेसमध्ये, चकचकीत, सोनेरी गोंड्याच्या. मी म्हणाले, मावशीला बोलवायला मी स्वतः जाते, हळदीकुंकू लावून पत्रिका हातात देते. आई नाही म्हणाली.

"तू गेलीस तर ते तुजं आवतन. माजं जायला पायजे."

गुडघ्यामुळे तिला प्रवास होत नाही. फोन करणं शक्यच नव्हतं, कारण फोनवरूनच तर सगळं फिसकटलं होतं. तेव्हा ती पाकीट करणार, आणि ते साधं नाही. तिनं स्टूल मागितलं आणि कपाटावरचे देव खाली काढायला लावले. त्यातून तिनं अंबाबाई निवडली. गुळाच्या एका अडत्याचं कॅलेंडर होतं, जाड, गुळगुळीत कागद, हिरवी साडी, नाकात नथ, रंग जराही उतरलेला नाही. मी म्हटलं, "अगं, देवाच्या चित्राला कात्री लावत नाहीस ना तू?" तर म्हणाली, "कापत कुठं हाय? नुसती घडी घालते." आणि खरोखरच तिनं एक्स-रे बाजूला ठेवला, चित्राचा एक तुकडाही न कापता घड्याच अशा बसवल्या की देवी अख्खी बाहेरच्या बाजूला आली. झाकणाची कड बरोबर देवीच्या गळ्यातल्या हारावर बसली, सांधा शोधूनही दिसत नव्हता. मागच्या बाजूला पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवून तिनं पत्ता लिहिला. मग ती पाकीट घेऊन आपल्या खोलीत गेली, दार लावलं, आणि बाहेर आली तेव्हा ते भरून बंद झालेलं होतं. हलवलं की आत अक्षता वाजत होत्या. पत्रिकेवर देव छापावा लागतो, इथं पाकिटालाच देव आहे, आता आक्का कुठं जाते, असं तिचं म्हणणं.

पोस्टात ते द्यायला मीच गेले. खिडकीतल्या बाईंनी पाकीट हातात घेतलं, बघितलं आणि आधी कपाळाला लावलं. शिक्का देवीच्या बाजूला मारायला त्या तयार होईनात. शेवटी सगळी चिकटवाचिकटवी त्यांनी पत्त्याच्या पट्टीवर दाटीवाटीनं केली आणि देवीला धक्का न लावता ते पाकीट पोत्यात नाही, बाजूला टेबलावर ठेवलं. मला हसू आलं. त्या बाईंकडे बघून मला तेव्हाच अक्कल यायला हवी होती.

पाकीट पोहोचल्याचा संदेश माझ्या मोबाईलवर आला, मी आईला वाचून दाखवला. आई म्हणाली, "आता ती बोलंल." ती वाट बघू लागली. पहिल्यांदा संध्याकाळी, मग दिवसभर. फोन वाजला की ती काही विचारायची नाही, फक्त हातातली घडी अर्धी ठेवून माझ्या चेहऱ्याकडे बघायची. कोरेगावहून काही आलं नाही. मी दोनदा म्हटलं की मी फोन करते, तर तिनं मला लेकीच्या लग्नाची शपथ घातली. मुहूर्त जवळ येत चालला, घरात पाहुण्यांच्या याद्या, बांगड्या, आचारी यांचा गोंधळ, आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं की आईनं पाकिटं करणं बंद केलंय. खळीचं पातेलं घासून पालथं घातलेलं होतं. इतकी वर्षं मला ते ओट्यावरून जायला हवं होतं, आणि आता मीच ते सुलटं करून परत ओट्यावर ठेवलं.

फोन न करण्याची शपथ होती, जाण्याची नव्हती. साताऱ्याकडच्या पाहुण्यांना पत्रिका द्यायच्या आहेत असं सांगून मी सकाळच्या गाडीनं कोरेगावला गेले. वाटेत मावशीला काय काय सुनवायचं ते मनात जुळवत होते. म्हातारपणी एवढा ताठा कसला, बहिणीनं देवीची घडी घालून पाठवली तरी पाझर फुटत नाही म्हणजे काय, वगैरे. बरंच चांगलं जुळलं होतं.

मावशीनं दारात भाकरतुकडा ओवाळला, पाणी दिलं, चहा टाकला, सुनेला मळ्यातून मुलाला बोलवायला पाठवलं. चहा झाल्यावर पदरानं तोंड पुसून म्हणाली,

"नातीचं लगीन काढलंय म्हनं तुमी."

म्हनं. जसं काही बाजारात ऐकलं. मी माझं जुळवलेलं भाषण काढणार तोच तिचे डोळे भरून आले आणि तीच सुरू झाली. गावात चार घरी पत्रिका आली, मला नाही. देवी पाठवली, देवीची ओटी पाठवली, बहिणीला लग्नाला बोलवायचं तेवढं राहिलं. धाकटी असून तिनं मला देवीच्या हातानं गप्प बसवलं, असं ती म्हणत होती. मला काहीच कळेना. मी म्हटलं, "मावशी, अगं पत्रिका आईनं स्वतः पाठवली. पोस्टानं. पोचली पण."

"पत्रिका न्हाई आली. अंबाबाई आली."

तिनं मला हाताला धरून देवघरापाशी नेलं. फौजेतल्या यजमानांनी आणलेल्या शंखाशेजारी, पाटावर, लाल कापडावर आमचं पाकीट उभं होतं. देवीच्या कपाळावर कुंकवाचा इतका थर झाला होता की नथीपर्यंत आलं होतं. समोर ताजी शेवंती, खडीसाखर. रोज आंघोळ करून मावशी त्याची पूजा करत होती. आत तांदूळ वाजले, म्हणजे ती ओटी, असा तिचा हिशेब. आणि देवीची ओटी कोण उघडून बघतं?

मी तिथंच खाली बसले. हसावं की रडावं ते समजेना, आणि देवघरापुढे दोन्ही बरं दिसलं नसतं. मावशीला सगळं समजावून सांगितलं, की हे पाकीट आहे, घडी घालून केलंय, आमंत्रण आत आहे, फक्त उघडायचं राहिलंय. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग मी कात्री मागितली, तर तिनं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मी कात्री हा शब्द परत काढला नाही. झाकणाची कड देवीच्या गळ्यावरूनच जात होती, हेही खरं. मी म्हटलं, बरं, वाफेवर धरू, खळ सुटेल.

"देवीला वाफ देतीस? सर्दी झालीया व्हय तिला?"

मग मी पिशवीतून सोनेरी गोंड्याची पत्रिका काढली, हळदीकुंकू लावून तिच्या हातात दिली. तिनं ती घेतली, डोळ्याला लावली आणि बाजूला ठेवली. हे तुझं आवतन, म्हणाली, तिचं कुठंय? म्हणजे आई म्हणाली होती अगदी तेच, तोच शब्द. या दोघींचं वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं यावर कुणाचा विश्वास बसणार? तिचं आवतन देवीच्या पोटात, देवी उघडायची नाही, आणि माझं चालायचं नाही. शिकलेली बाई मी, दुपारभर त्या पाटासमोर वाद घालत बसले आणि एक पाऊल पुढे सरकले नाही. शेवटी मावशीनंच तोड काढली. पाकिटावर हात ठेव, म्हणाली, आणि सांग की आत माझ्या बहिणीचं आवतन हाय. मी हात ठेवला आणि सांगितलं.

"ठीक हाय. येते," मावशी म्हणाली. "पर हिला घिऊन येते. तिच्याच हातनं उघडून घेते. आत आवतन नसलं तर लगीन बघीन, जेवायची न्हाई."

परतीच्या गाडीत बसल्यावर मला आठवलं, की आईनं आत काय घातलं ते मी पाहिलेलंच नाही. दार लावलं होतं. लग्नघरात सगळ्यात मोठी बहीण पानावरून उठली, ही गोष्ट आमच्या भागात पुढच्या तीन पिढ्या पुरते. घरी आल्यावर आईला विचारायचं मला धाडस झालं नाही. मावशी येतेय एवढंच सांगितलं. आईनं "बरं हाय" म्हटलं. या खेपेला ते खरंच बरं होतं, कारण थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून कणीक चाळल्याचा आवाज आला.

मावशी हळदीच्या दिवशी आली. मुलानं जीपमधून उतरवली, दारात पाय धुतले, आणि आत येऊन ती आईसमोर खुर्ची ओढून बसली. कुणी कुणाच्या पाया पडलं नाही, कुणी कुणाला मिठी मारली नाही. मावशीनं पिशवीतून खणात गुंडाळलेलं पाकीट काढलं आणि आईच्या मांडीवर ठेवलं. उघड, म्हणाली. सगळं पाहुण्यांनी भरलेलं घर, हळदीची वाटी घेतलेल्या बायका, नवरी मुलगी, सगळे थांबले.

आईनं कुंकवानं माखलेल्या अंबाबाईकडे बघितलं. तिला सगळं एका क्षणात कळलं असावं, कारण ती एकदम लहान दिसायला लागली. तिनं मला कोमट पाणी मागितलं. पदराचं टोक बुडवून ती झाकणाच्या कडेवरून फिरवत राहिली. खळ कुठं पातळ लावलीय हे लावणारीलाच माहीत. जराशानं कड आपोआप उचलली गेली, देवीच्या हाराला ओरखडासुद्धा आला नाही. अक्षता तिच्या मांडीवर सांडल्या. मागून एक चिठ्ठी निघाली. पत्रिका नव्हती. मी पाकिटात डोकावून बघितलं, खरंच नव्हती.

मावशीनं चिठ्ठी घेतली, चष्मा लावला. विजेच्या बिलाची पाठकोरी बाजू होती आणि तिच्यावर आईच्या अक्षरात एकच ओळ, मला मागून दिसली. "आक्का, ये." मावशीनं कागद उलटा केला, आमचं बिल बघितलं, पुन्हा सुलटा केला.

"कवा, कुठं, कुनाचं लगीन, कायबी लिवलं न्हाईस. उघडलं असतं तरी मी जानार कुठं व्हते?"

"माज्याकडं," आई म्हणाली. "आनि कुठं?"

मला रडू आलं ते मी लपवलं नाही. लपवण्याचा काही उपयोगही नव्हता, हळदीच्या बायकाही रडत होत्या. मावशी मात्र रडली नाही. तिनं चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि चिठ्ठीची बारीक घडी करून ती पदराच्या गाठीत बांधली. मग आईकडे बघून ती पूर्वीच्या आवाजात, त्या संध्याकाळच्या फोनवरच्या आवाजात ओरडली.

"गप बस, तुला काय कळतंय. एवढंच व्हतं तर फोन करायचास की गं."

मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात नवऱ्यानं मागून माझ्या दंडाला धरलं, म्हणून ते मिटलं आणि पानं मांडायला आत गेले. दोघींची पानं मी शेजारी शेजारी मांडली.